उपाशी ठेवून वाढवायचं रोप

माझं पहिलं दवबिंदूचं रोप लाडानं मेलं. कुरिअरनं ओल्या कागदात गुंडाळून आलेलं ते इवलंसं रोप मी मोठ्या कौतुकानं मातीच्या कुंडीत लावलं. घरच्या कंपोस्टमध्ये मूठभर गांडूळखत मिसळलं, बोअरचं पाणी घातलं आणि उन्हाचा त्रास नको म्हणून कोपऱ्यात सावलीला ठेवलं. आठवड्याभरात पानांवरचे थेंब गेले. तिसऱ्या आठवड्यात गाभा काळा पडला. जास्वंद आणि मोगरा ज्या खतपाण्यावर बाळसं धरतात, तेच मी याला दिलं होतं आणि नेमकं तेच त्याला बाधलं. कीटकभक्षी वनस्पती घरी आणायची म्हटलं, की तिला किडे कुठून आणून घालायचे, हीच चिंता बहुतेकांना पडते. मलाही तीच होती. या रोपाला काय काय द्यायचं नाही, हे मात्र मी कुणाला विचारलंच नाही.

त्याचं उत्तर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मिळतं. ऐन पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या एखाद्या जांभ्याच्या सड्यावर गुडघे टेकून खाली वाकलं, तर गवताच्या काड्यांमधून लालसर चमचम दिसते. एक जात उभी वाढते. तिची पानं दोऱ्यासारखी बारीक आणि उंची साधारण वीतभर. ही ड्रॉसेरा इंडिका, आपला गवती दवबिंदू. दुसरी जमिनीला चिकटून बसलेली, बंद्या रुपयाएवढ्या चक्राची, ती ड्रॉसेरा बर्मानी. शेजारी गेंदाची पांढरी बटणं असतात आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. लोक त्या निळ्या गालिच्याचे फोटो काढतात, पण तो गालिचाही किडेखाऊच आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. सीतेच्या आसवांचे सापळे ओल्या मातीत बारीक फुग्यांच्या रूपानं दडलेले असतात, आणि त्यात सापडणारे जीव इतके सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत. दवबिंदू मात्र आपला उद्योग उघड्यावर करतो.

एवढे किडेखाऊ एकाच ठिकाणी का जमले? तिथं दुसरं खायला काही नाही म्हणून. हजारो वर्षं कोसळणाऱ्या पावसानं जांभ्यातलं विरघळण्याजोगं सगळं धुऊन नेलं, मागं राहिले ते लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. वर मातीचा थर बोटभर, कुठं तेवढाही नाही. नत्र साठायला जागा नाही, आणि जो थोडा स्फुरद असतो त्याला लोह धरून बसतं. चार महिने कातळावर पाणी साचलेलं किंवा वाहतं, त्याच्या पुढं कोरडा ठणठणाट. पाणी आणि ऊन रग्गड, बाकी खडखडाट. अशा जागी दवबिंदूनं नत्र हवेतून उडत येणाऱ्या चिलटांकडून वसूल करायचं ठरवलं आणि मुळांना फक्त पाणी ओढण्याचं काम ठेवलं. खतावलेल्या मातीत ती मुळं जळतात, कारण त्यांना मिठाचा वासही सोसत नाही. घरी हे रोप वाढवायचं म्हणजे आपल्याला कुंडीत हे दारिद्र्य नीट सांभाळावं लागतं.

ड्रॉसेरा हे नाव ग्रीक भाषेतल्या दवाच्या शब्दावरून आलं आणि मराठीतही नाव तेच, कारण बघणाऱ्याला दुसरं काही सुचणारच नाही. पानावर लाल देठांचे बारीक केस असतात, त्यांना स्पर्शिका म्हणतात. प्रत्येकीच्या टोकाला एक गाठ, आणि त्या गाठीतून पाझरलेला डिंकासारखा थेंब. दव ऊन चढलं की उडून जातं, हे थेंब भर दुपारी जास्तच चमकतात. चिलट भुलून बसतं, पाय अडकतो, तो सोडवायला जातं तर दुसरा अडकतो. त्याच्या धडपडीनं स्पर्शिकेत विजेचे बारीक संदेश सुटतात आणि आजूबाजूच्या स्पर्शिका त्याच्याकडे वळतात. मग पानात जॅस्मोनिक आम्ल आणि त्याच्याच कुळीतली रसायनं वाढतात, आणि इथं खरी गंमत आहे. अळीनं पान कुरतडलं की बाकीच्या वनस्पती याच रसायनांनी धोक्याची घंटा वाजवतात. ती ‘मला कुणीतरी खातंय’ची घंटा दवबिंदूनं ‘जेवायला बसा’ म्हणून वाजवायला घेतली. पाचकरस सुटतात, चार-सहा दिवसांत किड्यातली प्रथिनं विरघळून पानात जिरतात आणि मागं कोरडं टरफल उरतं.

आपली ती रुपयाएवढी बर्मानी या कामात मोठी चपळ आहे. तिच्या कडेच्या लांब स्पर्शिका काही सेकंदांत आत वळतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली ड्रॉसेरा कॅपेन्सिस याउलट सावकाश. तिच्या स्पर्शिका काही मिनिटांत वळू लागतात, पण आख्खं लांबट पान किड्याभोवती गुंडाळायला तिला काही तास लागतात. हे वळणं बरंचसं वाढीतून होतं. स्पर्शिकेच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी लांबतात म्हणून ती आत झुकते. त्यामुळे एका स्पर्शिकेला किती वेळा वळता येईल यालाही मर्यादा असते. पाहुण्यांना दाखवायला काडीनं डिवचून डिवचून रोप दमवणारे हौशी लोक असतात. त्यांच्यापासून कुंडी जरा उंचावर ठेवावी.

या रोपाचं वेड लागलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. 1860च्या उन्हाळ्यात, ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा इंग्लंडच्या ससेक्समधल्या माळावर त्याला गोल पानांचा दवबिंदू दिसला. त्यानं सहज म्हणून बारा रोपं उपटली. त्यांची पूर्ण उमललेली पानं भरली छपन्न, आणि त्यांतल्या एकतीस पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष होते. मग त्यानं ती रोपं घरी आणून त्यांना कच्चं मांस, अंड्याचा पांढरा बलक, दूध, साखरेचं पाणी असं काय काय भरवून पाहिलं. नत्र असलेल्या पदार्थांवर पानं आवळली, साखरेच्या पाण्याला त्यांनी भीक घातली नाही. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका केसाचा तुकडा ठेवला, तरी स्पर्शिका वळली. पावसाचे थेंब वरून कितीही आपटले, तरी ती ढिम्म. जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला सध्या ड्रॉसेराची जास्त फिकीर आहे, अशा अर्थाचं त्यानं त्याच वर्षी आपल्या भूशास्त्रज्ञ मित्राला, चार्ल्स लायलला लिहिलं. तर त्याच्या बायकोनं, एमानं, हे रोप म्हणजे प्राणीच आहे असं सिद्ध करूनच हे थांबणार बहुधा, असा शेरा मारला. पुस्तक व्हायला पुढं पंधरा वर्षं गेली. ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ 1875 साली आलं आणि त्याचा मोठा हिस्सा या एका रोपानं व्यापला आहे. एक कोडं मात्र शिल्लक होतं. किडे खाऊन रोपाचा खरंच फायदा होतो का? ते डार्विनच्या मुलानं, फ्रान्सिसनं, 1878 साली सोडवलं. सूपच्या खोलगट थाळ्यांत त्यानं रोपं लावली, प्रत्येक थाळीत मधे आडवी पट्टी घातली, एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे कण दिले आणि दुसऱ्या बाजूची उपाशी ठेवली. भरवलेल्या रोपांनी दुपटीहून अधिक बिया धरल्या. पण उपाशी रोपंही मेली नव्हती, आणि आपल्या कुंडीच्या दृष्टीनं मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता पाणी. दवबिंदूच्या बाबतीत निम्मी विद्या पाण्यात आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप म्हणजे टीडीएस, आणि ते मोजायचा पेनासारखा मीटर काही शे रुपयांत मिळतो. दवबिंदूला 50 पीपीएमच्या आतलं पाणी मानवतं, 100पर्यंत चालवून घेतलं जातं. बोअरचं पाणी सहज 400, 500, कधी त्याच्याही वर जातं. नुसत्या आकड्यानं काही कळत नाही, म्हणून हिशेब करून बघा. 400 पीपीएम म्हणजे लिटरमागं 400 मिलिग्रॅम क्षार. उन्हाळ्यात कुंडी आणि तिच्याखालची बशी मिळून दिवसाला पाव लिटर पाणी उडवतात असं धरा. पाणी उडतं, क्षार जागेवरच राहतात. महिन्याभरात साडेसात लिटर पाणी, म्हणजे मूठभर मातीत तीन ग्रॅम क्षार. बोअरचं पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा खर बसतो, तोच इथं मुळांभोवती साचत असतो. उकळून किंवा गाळून सगळे क्षार जात नाहीत. पाणी उकळलं तर थोडे तळाशी बसतात, पण उरलेले पाणी आटेल तसे आणखी दाट होतात.

मग पाणी आणायचं कुठून? आपल्याकडं त्याचं सर्वांत सोपं उत्तर चार महिने आभाळातूनच पडत असतं. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्यावेत, ते हवेतली आणि छपरावरची धूळ घेऊन येतात. नंतर कौलांच्या पागोळ्यांखाली बादली लावावी. स्लॅबच्या गच्चीवरून पाइपानं उतरणारं पाणी मी टाळतो, कारण ते सिमेंटवरून चुना घेऊन उतरतं. दोन-चार कॅन झाकून अंधारात ठेवले, तर एका कुंडीची दिवाळीपर्यंतची सोय होते. नंतर आरओचं पाणी. इथं एक मेख आहे. घरातल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो किंवा खनिजं घालणारी नळी असते. आपल्या यंत्राचं पाणी मीटरनं तपासल्याशिवाय त्याच्यावर भरवसा नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर उत्तम. ते दुकानातून आणताना बाटलीवरचं नाव नीट वाचा, शेजारच्या फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यातही क्षार फारसे नसतात, आणि मी ते वापरतो. फक्त एसीची धुलाई झाल्यावर आठवडाभर ते पाणी कुंडीला दाखवत नाही, कारण धुलाईची सगळीच रसायनं मीटरवर दिसतीलच असं नाही.

पाणी वरून शिंपडायचं नाही. बशीत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पाणी ठेवायचं, कुंडी त्यात उभी करायची, बशी कोरडी होऊ द्यायची नाही. बाकीच्या झाडांची मुळं अशानं सडतात. ही सड्याच्या डबक्यातली मुळं, त्यांना पाण्यात पाय सोडून बसायची सवय आहे. बशीत डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाणी ओतून नवं भरायचं. ज्या घरात किडेखाऊ रोप आहे, त्याच घरात त्याच्याच बशीत डास झाले, तर शेजारी हसतात. हे मी अनुभवानं सांगतो. आणि एक-दोन कुंड्यांनी घरातले डास संपतील ही आशा सोडून द्या. याच्या हाती जास्त करून ओल्या मातीवर घोंघावणारी चिलटंच लागतात.

मातीच्या नावाखाली जे घालायचं, त्यात मातीच नसते. पीट मॉस आणि परलाइट निम्मंनिम्म, किंवा पीट आणि जाडसर सिलिका वाळू. नुसत्या स्फॅग्नम मॉसमध्येही रोप मजेत राहतं. ते वाळलेलं शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसेकपट पाणी धरून ठेवतं. पीट विकत घेताना पिशवीवर ‘खत मिसळलेलं’ असं काही लिहिलं असेल, तर ती पिशवी परत ठेवा. कोकोपीट आपल्याकडं स्वस्त आणि कुठंही मिळतं, पण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. मी ते चार-पाच वेळा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलं, शेवटच्या पिळलेल्या पाण्याचा टीडीएस मोजला, आणि एवढं पाणी घालवल्यावर पीटच स्वस्त पडलं असतं हे लक्षात आलं. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुराही. कुठल्याही वाळूची शंका आली तर चिमूटभर घेऊन वर लिंबू पिळावं. फेस आला तर चुना आहे. कुंडी प्लास्टिकची घ्यावी, कारण मातीच्या कुंडीतून क्षार झिरपतात. नक्षीदार कुंडीचा सोस असेल तर प्लास्टिकची तिच्या आत ठेवा.

उजेड भरपूर हवा. सकाळचं चार-पाच तासांचं थेट ऊन मिळालं, की पानं लाल होतात आणि थेंब भरतात. पानं हिरवीगार, लांबोडकी आणि कोरडी दिसू लागली तर रोप उन्हासाठी तळमळतंय. नवं आलेलं रोप मात्र एकदम उन्हात टाकू नये. प्रवासात त्याचे थेंब झडलेलेच असतात. त्याला आठवडाभर उजेडातल्या सावलीत, हवं तर कापलेल्या बाटलीच्या झाकणाखाली ठेवावं आणि रोज थोडं थोडं पुढं सरकवावं. जुनी पानं वाळतील, त्यांचं दुःख करू नये. मधून निघणाऱ्या नव्या पानावर थेंब आले, म्हणजे रोपानं घर मानलं.

कुठली जात घ्यावी? बहुतेक जण कॅपेन्सिसपासून सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे. ती चुका पोटात घालते. पारा पस्तिशीच्या वर गेला, की मात्र ती कोमेजते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तिला पूर्वेच्या खिडकीत हलवावं लागतं. मला आपली बर्मानी जास्त आवडते. तिला उकाडा मानवतो, कोकणातली दमट हवाही मानवते. चमच्यासारख्या पानांची स्पॅचुलाटाही तशीच गुणी. डार्विनचा गोल पानांचा दवबिंदू थंड मुलखातला, त्याला हिवाळ्यात कळी मिटून झोपायला लागतं. मुंबईच्या बाल्कनीत त्याला झोप येणार नाही. रोप किंवा बी घ्यायचं ते वाढवून विकणाऱ्यांकडूनच घ्यायचं. कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांपैकी एक आहे, 2012 साली ही ठिकाणं त्या यादीत गेली, आणि तिथून काहीही उपटायला बंदी आहे. बंदी नसलेल्या सड्यावरूनही उपटून फायदा नाही. या वर्षायू रोपांची मुळं केसासारखी बारीक असतात. ती एकदा हलली, की रोप गाडीतच मान टाकतं.

आता तो किडे घालायचा प्रश्न. खिडकी उघडी असेल तर रोप आपलं पोट आपण भरतं. बंद घरात असेल, तर महिन्यातून दोनदा एखाद-दुसऱ्या पानावर मासोळ्यांच्या कोरड्या खाद्याची चूर, तीही मोहरीएवढी आणि पाण्यात ओलसर केलेली, पुरे. डार्विननं मांस घातलं म्हणून आपण खिम्याचा कण ठेवू नये, पनीर तर नाहीच. पानाला पचेना झालं की त्यावर बुरशी येते आणि पान काळं पडतं. मावा पडला तर कोवळी पानं वेडीवाकडी निघतात. अशा वेळी औषध फवारण्याऐवजी अख्खी कुंडी स्वच्छ पावसाच्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवावी. मावा गुदमरतो, दवबिंदूला पाण्याखाली राहण्याचं काही वाटत नाही.

बागेत चित्रक असेल तर जाता जाता एक खेळ करून बघा. त्याच्या फुलाखालच्या नळीला बोट लावा, चिकटेल. तिच्यावरही टोकाला चिकट गाठ असलेले केस असतात. चित्रकाच्या मुळात प्लंबॅजिन नावाचं झोंबरं द्रव्य असतं आणि दवबिंदूतही ते सापडतं. ही दोन्ही कुळं वनस्पतींच्या वंशवृक्षावर जवळच्या फांद्यांवर आहेत. चित्रकाला चिकटपणा वारशानं मिळाला, पण त्यावर पोट भरायची कला दवबिंदूकडे गेली.

फुलाचा दांडा पानांपासून लांब, उंच वर निघतो. परागीकरणाला येणारा पाहुणा खालच्या ताटात पडू नये म्हणूनच ही काळजी, असं एक मत आहे. फुलं इवलीशी, पांढरी किंवा गुलाबी, सहसा एकावेळी एकच उमलतं, तेही ऊन असेपर्यंत. बरीचशी आपलंच बी आपण धरतात. कॅपेन्सिसचं बी तर काळ्या धुळीसारखं उडून शेजारच्या दवबिंदूंच्या कुंड्यांत उगवतं, इतकं की जुने हौशी तिला तणच म्हणतात. बियांची वाट बघायची नसेल, तर तिचं एक निरोगी पान देठासकट तोडून डिस्टिल्ड पाण्याच्या झाकणबंद बाटलीत उजेडात ठेवायचं. महिन्या-दीड महिन्यात पानावरच पिल्लं फुटतात.

बर्मानी मात्र बी धरून झालं, की बऱ्याचदा संपते. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा, आता कुठल्या पाण्यानं घात केला, म्हणून मी मीटर घेऊन बसलो होतो. पण ती वर्षायूच आहे, कोकणातल्या भातासारखी. वाळलेला दांडा कागदावर झटकला की मिरपुडीसारखं बी पडतं. ते कागदाच्या पुडीत घालून फ्रिजच्या दारात ठेवतो. जून लागला की पुडीला टिचकी मारून ओल्या पीटवर भुरभुरतो, वर मातीचा कणही टाकत नाही, कारण त्या बीला उगवायला उजेड लागतो. दोन-तीन आठवड्यांनी भिंग घेऊन बघायचं. पीटवर मोहरीच्या दाण्याहून लहान हिरवा ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्याच्या पहिल्यावहिल्या पानावर, सुईच्या टोकाएवढे का होईना, थेंब आलेले असतात.